पन्नास वॅटचा आवाज जंगलापार कसा जातो?

पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा बाहेरच्या जगाशी असलेला रस्ता बंद होतो, हे गडचिरोलीकरांनी अनेक वर्षे पाहिले आहे. त्याच दिवसांत वीज जाते आणि विजेमागोमाग मोबाइलचा मनोराही गप्प होतो. नेमक्या याच दिवसांत लोकांना माहितीची गरज सर्वांत जास्त असते. कोणत्या नाल्याला पूर आहे? ताप आला तर रक्ततपासणी कुठे होईल? सर्पदंशाच्या रुग्णाला कोणत्या वाटेने दवाखान्यात न्यायचे? पूर ओसरल्यावर विहिरीचे पाणी कसे शुद्ध करायचे? राज्यातील मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा दरवर्षी मोठा असतो आणि हा आजार पावसाळ्यातच डोके वर काढतो. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात उन्हाळाही तितकाच जोखमीचा आहे. मोहफुले आणि तेंदूपत्ता गोळा करायला पहाटे जंगलात शिरणाऱ्यांना वाघाचा वावर कोणत्या भागात आहे, हे आदल्या रात्री कळले तर जीव वाचतो.

दोन सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर अशा वेळी उपयोगी पडतो. पण तो चालू ठेवण्यापुरते भागत नाही. जवळपास कुणीतरी त्या गावांच्या बोलीत, म्हणजे माडियात, गोंडीत, सिरोंच्याकडे तेलुगूत, मुलचेऱ्याकडे बंगालीत बोलणारे हवे. लहान शक्तीचे एफएम केंद्र हे काम करू शकते. अशा केंद्राचा ट्रान्समीटर साधारण ५० वॅटचा असतो. घरातला साधा छताचा पंखाही बहुधा याहून जास्त वॅटचा असतो. एवढ्याशा शक्तीत आवाज पाच गावांपर्यंत जाईल की पंचवीस, हे ट्रान्समीटरच्या डब्यापेक्षा खांबावरचा अँटेना ठरवतो. तो कोणता निवडला, किती उंच बांधला, त्याची लांबी किती अचूक कापली आणि त्याच्यापर्यंत कोणती केबल नेली, या चार गोष्टींत सगळे यश-अपयश सामावलेले आहे.

नियमाची चौकट

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांना सामुदायिक रेडिओ चालवण्याची वाट मोकळी झाली. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे ९०.४ मेगाहर्ट्झवरचे केंद्र याच धोरणातून उभे राहिले. विदर्भाच्या पूर्व टोकाला आकाशवाणीचे चंद्रपूर केंद्र बरीच वर्षे एफएमवर आहे. एप्रिल २०२३ मध्ये देशभर प्रत्येकी १०० वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर एकाच दिवशी सुरू झाले. गडचिरोली जिल्ह्यातली अहेरी आणि सिरोंचा ही ठिकाणेही त्यांत होती. म्हणजे लहान शक्तीचा एफएम या भागाला अगदीच नवखा राहिलेला नाही.

सामुदायिक केंद्राचा आवाज ५ ते १० किलोमीटरपर्यंत पोचावा, अशी धोरणाची अपेक्षा आहे. त्यासाठी अँटेनातून बाहेर पडणारी परिणामकारक शक्ती सर्वसाधारणपणे १०० वॅटपर्यंत ठेवता येते. अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर आणि कमीत कमी १५ मीटर उंचीवर असावा लागतो. किमान उंचीची अट लोकांच्या आरोग्यासाठी आहे. त्याकडे पुढे येऊच. परवाना आणि ठरवून दिलेली वारंवारिता हातात असल्याशिवाय प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे. हे बंधन कागदोपत्री समजू नये. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांना दिशा दाखवणाऱ्या यंत्रणांचा पट्टा सुरू होतो. गाळणी नसलेला स्वस्तातला ट्रान्समीटर आपली घाण तिकडे सांडू शकतो. अँटेना कितीही नीट जुळवला तरी ही उणीव त्याने भरून निघत नाही.

वॅट वाढवायचे की उंची?

शक्तीवर मर्यादा आहे म्हटल्यावर पहिला विचार उंचीचा करावा. एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांनाही क्षितिज असते, फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा ते थोडे लांब असते. ते काढण्याचा सोपा हिशेब असा : अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचे वर्गमूळ आणि श्रोत्याच्या रेडिओच्या उंचीचे वर्गमूळ यांची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. श्रोत्याच्या हातातला रेडिओ दीड मीटरवर धरला, तर १५ मीटर उंचीच्या अँटेनाचे क्षितिज २१ किलोमीटरवर आणि ३० मीटरच्या अँटेनाचे सुमारे २८ किलोमीटरवर येते.

प्रत्यक्षात ५० वॅटचा आवाज क्षितिजाच्या बराच अलीकडे विरतो. जमिनीवरून परावर्तित झालेल्या लहरी सरळ आलेल्या लहरींना खातात. सपाट मुलखात ढोबळमानाने अंतर दुप्पट झाले की पोचणारी शक्ती सोळाव्या हिश्शावर येते. त्यामुळे ट्रान्समीटरचे वॅट दुप्पट केले तरी कक्षा जेमतेम १९ टक्क्यांनी वाढते. उलट अँटेनाची उंची दुप्पट केली, तर ते वॅट चौपट केल्यासारखे असते. कक्षा ४१ टक्क्यांनी वाढते आणि आवाज पोचणारे क्षेत्रफळ दुप्पट होते. त्यामुळे पंधरा मीटरच्या खांबाऐवजी तीस मीटरचा मनोरा उभारण्याचा खर्च मोठ्या ट्रान्समीटरपेक्षा अधिक फळ देतो.

हाच हिशेब उलटा वाचला तर संकटाच्या दिवसांत कामाला येतो. वीज गेल्यावर केंद्र बॅटरीवर चालते. अशा वेळी ट्रान्समीटर ५० ऐवजी २५ वॅटवर आणला, तर कक्षा फक्त १६ टक्क्यांनी घटते. पण बॅटरी बरीच जास्त वेळ पुरते. पूर आलेल्या रात्री दोन तास मोठ्याने बोलून गप्प होण्यापेक्षा थोड्या कमी शक्तीत रात्रभर बोलत राहणे केव्हाही चांगले.

सपाट मुलखाचा हा हिशेब डोंगराळ भागात जसाच्या तसा लागू होत नाही. गडचिरोलीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली आहे आणि पूर्वेला सुरजागड, टिपागड, भामरागड अशा डोंगररांगा आहेत. डोंगराच्या पाठीमागे लहरींची सावली पडते. पाच किलोमीटरवरचे गाव सावलीत राहते आणि बारा किलोमीटरवरच्या उतारावरच्या गावाला स्वच्छ ऐकू येते, असे होऊ शकते. मनोऱ्याची जागा निवडण्यापूर्वी उंची दाखवणाऱ्या नकाशावर केंद्रापासून प्रत्येक गावापर्यंत रेघ ओढून मध्ये काय येते ते पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. नियमातली उंची जमिनीपासून मोजली जाते, त्यामुळे टेकाडावर वसलेल्या वस्तीचा फायदा आपोआप मिळतो. पण टेकडी गावापासून लांब असेल, तर वीज, रस्ता, राखण आणि आकाशातल्या विजेचा धोका हे सगळे वाढते. ती वनजमीन असेल, तर परवानगीचा प्रश्नही येतो.

लांबीचे गणित

अँटेना म्हणजे धातूची नळी किंवा तार, पण तिची लांबी वारंवारितेशी जुळावी लागते. दोरीला धरून झोका देताना योग्य वेळी दिलेला हलका धक्काही झोका उंच नेतो. चुकीच्या वेळी दिलेला जोरदार धक्का वाया जातो. अँटेनातला विद्युतप्रवाह असाच पुढे-मागे हेलकावे खातो. टोकापर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ आणि ट्रान्समीटरच्या धक्क्याचा वेळ जुळला, तर ऊर्जा लहरी होऊन बाहेर पडते.

तीनशेला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ९०.४ मेगाहर्ट्झसाठी ती ३.३२ मीटर येते. सर्वांत साधा अँटेना अर्ध्या लांबीचा असतो. त्याला डायपोल म्हणतात. त्याचे दोन समान हात मध्ये एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात आणि केबलचे दोन वाहक त्यांना जोडतात. नळीची जाडी आणि टोकांचा परिणाम यांमुळे प्रत्यक्षात लांबी सुमारे पाच टक्क्यांनी कमी धरावी लागते. म्हणून व्यवहारात १४३ ला मेगाहर्ट्झने भागतात. ९०.४ साठी उत्तर १.५८ मीटर, म्हणजे प्रत्येक हात ७९ सेंटिमीटर. १०७.८ मेगाहर्ट्झ मिळाले असेल, तर प्रत्येक हात ६६ सेंटिमीटर. एका वारंवारितेसाठी कापलेला अँटेना दुसऱ्या केंद्राकडून आणून तसाच लावला, तर का चालत नाही, ते या तेरा सेंटिमीटरच्या फरकावरून लक्षात यावे. दोन्ही हातांची लांबी एकेक सेंटिमीटरने बदलली, की अँटेनाचा सूर एक मेगाहर्ट्झहून थोडा अधिक सरकतो.

चंद्रपूरचा मे महिना ४७ अंशांपर्यंत तापतो. त्यात नळी लांबून सूर बिघडेल का? ॲल्युमिनियमचा हात चाळीस अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरसुद्धा लांबत नाही, त्यामुळे ती काळजी नको. उन्हाने खराब होते ते प्लास्टिक. दोन हात वेगळे ठेवणारा तुकडा, केबलचे वरचे आवरण, जोडावरची टेप या वस्तू उन्हाने ठिसूळ होतात आणि जूनच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरते.

कोणता अँटेना?

बाजारात नावे पुष्कळ असली, तरी लहान केंद्रापुढे मुख्यतः चार पर्याय असतात. पहिला ग्राउंड प्लेन. एक उभी कांडी आणि तिच्या बुडाशी छत्रीच्या काड्यांसारख्या खाली झुकलेल्या तीन-चार कांड्या, प्रत्येक साधारण पाव लहरीएवढी. काड्या सुमारे ४५ अंशांत झुकवल्या, की त्याचा विद्युत अडथळा ५० ओमच्या आसपास येतो आणि तो नेहमीच्या केबलशी जुळतो. बनवायला सोपा, स्वस्त आणि चारही दिशांना सारखा आवाज देणारा. दुसरा डायपोल. तिसरा घडीचा डायपोल. त्यात नळी लांबट कडीसारखी वळवून दोन्ही टोके मध्ये आणलेली असतात. तो थोड्या विस्तृत पट्ट्यावर चांगला चालतो आणि धातूचा सलग मार्ग असल्याने साठलेला स्थिर विद्युतभार जमिनीत सोडणे सोपे जाते. मात्र त्याचा अडथळा ३०० ओमच्या घरात असल्याने केबलशी जुळवणारा बलून नावाचा जोड लागतो. चौथा यागी. जुन्या दूरदर्शनच्या काळात घरांवर दिसणाऱ्या माशाच्या काट्यासारखा हा अँटेना एका दिशेला जास्त आणि उरलेल्या दिशांना कमी शक्ती पाठवतो. नदीकाठाने एका ओळीत वसलेली गावे असतील, किंवा केंद्र वस्तीच्या एका टोकाला असेल, तरच त्याचा उपयोग.

शक्ती वाढवण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे एकाखाली एक असे दोन उभे डायपोल बांधणे. दोघांना सारख्या लांबीच्या केबलने एकाच वेळी शक्ती दिली आणि मध्यांतील अंतर पाऊण ते एक लहर ठेवले, तर आकाशाकडे आणि जमिनीकडे वाया जाणारी ऊर्जा क्षितिजाकडे वळते. क्षितिजाच्या दिशेने शक्ती साधारण दुप्पट होते. उभा डायपोल लोखंडी मनोऱ्याला चिकटवून बांधू नये. निदान पाव लहर, म्हणजे ९०.४ साठी ८० सेंटिमीटरहून अधिक अंतर ठेवावे. तरीही मनोऱ्याच्या मागच्या बाजूला आवाज थोडा क्षीण होतोच. त्यामुळे अँटेना कोणत्या बाजूला बांधायचा हा निर्णय जास्त वस्ती कुठे आहे ते पाहून घ्यावा.

उभा की आडवा, हा जंगलातला खास प्रश्न. झाडांचे बुंधे उभे असतात, त्यामुळे उभ्या लहरी त्यांत जास्त अडतात आणि आडव्या लहरी तुलनेने सहज पुढे जातात. म्हणजे दाट सागवानासाठी आडवा अँटेना बरा ठरावा. पण ऐकणारा कसा ऐकतो, हेही बघायला हवे. मोबाइलवर एफएम ऐकणाऱ्याच्या इअरफोनची वायर हाच त्याचा अँटेना असतो आणि ती उभी लोंबते. जीपची किंवा एसटीची कांडी उभी असते. ट्रान्झिस्टरची कांडी मात्र आडवी करता येते. दोन्ही लहरी एकत्र पाठवणारे वर्तुळाकार अँटेनाही मिळतात. ते शक्ती दोघांत वाटून देतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला निम्मी येते. गावे जवळजवळ आणि श्रोते मुख्यतः मोबाइलवाले असतील, तर उभा अँटेना घ्यावा. लांबची गावे दाट जंगलापलीकडे असतील आणि तिथे घरोघरी ट्रान्झिस्टर असतील, तर आडव्याची चाचणी घेऊन पाहणे योग्य. एकच डायपोल फिरवून दोन्ही प्रकारे बांधता येतो. त्यामुळे ही चाचणी एका दिवसाच्या कामाची आहे.

केबलमध्ये हरवलेले वॅट

पैसे वाचवण्याच्या नादात सर्वांत जास्त नुकसान केबलमध्ये होते. तीस मीटरचा मनोरा आणि खोलीपर्यंतचे अंतर धरले, तर ४० मीटर केबल लागते. आरजी-५८ ही बारीक, स्वस्त केबल १०० मेगाहर्ट्झच्या आसपास एवढ्या अंतरात तीन चतुर्थांशाहून अधिक शक्ती उष्णतेत घालवते. खाली ५० वॅट टाकले, तर वर जेमतेम साडेअकरा वॅट पोचतात. जाड आरजी-२१३ मधून सुमारे २७ वॅट पोचतात. अर्ध्या इंचाची, आत फेस भरलेली नालीदार केबल घेतली, तर ४० वॅट पोचतात.

आता दोन केंद्रे शेजारी ठेवून पाहा. ट्रान्समीटर दोन्हींकडे ५० वॅटचाच. एकाने बारीक केबल आणि एक डायपोल लावला. त्याची परिणामकारक शक्ती साडेअकरा वॅट. दुसऱ्याने नालीदार केबल आणि दोन डायपोल लावले. त्याची शक्ती सुमारे ८० वॅट, तीही नियमाच्या आत. दुसऱ्याची कक्षा पहिल्याच्या १.६ पट आणि क्षेत्रफळ अडीचपटीहून अधिक. विजेचे बिल मात्र दोघांचे सारखे.

सूर जुळवताना

अँटेना आणि केबल जुळत नसतील, तर काही शक्ती वरून परत फिरते. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लहरींच्या नात्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. ते १ असेल तर काहीच परतत नाही. १.५ असेल तर ४ टक्के, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर २५ टक्के शक्ती परतते. हरवलेली ऊर्जा ही तक्रार इथे दुय्यम आहे. परतलेली शक्ती ट्रान्समीटरच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरला तापवते आणि चांगल्या यंत्रात संरक्षण-मंडल आपोआप वॅट खाली आणते. साध्या यंत्रात ट्रान्झिस्टरच जळतो. भर पावसाळ्यात रस्ता बंद असताना तो जळला, तर सुटा भाग येईपर्यंत केंद्र बंद. म्हणून १.५ च्या आत राहणे हे ध्येय ठेवावे.

ट्यूनिंगची पद्धत सोपी आहे, फक्त घाई करू नये. अँटेना न जोडता ट्रान्समीटर कधीही चालू करू नये. आधी यंत्राची तपासणी ५० ओमच्या कृत्रिम भारावर करून घ्यावी. मग अँटेना जमिनीपासून आणि लोखंडी वस्तूंपासून निदान तीन-चार मीटर दूर, खांबावर तात्पुरता चढवावा. त्याचे हात हिशेबापेक्षा दोन सेंटिमीटर लांबच कापावेत, कारण कापलेली नळी पुन्हा जोडता येत नाही. हल्ली काही हजार रुपयांत मिळणारे नॅनो व्हीएनए हे तळहाताएवढे यंत्र ट्रान्समीटर चालू न करताच अँटेनाचा सूर कुठे आहे ते पडद्यावर आलेखाने दाखवते. आलेखातला खळगा ठरवलेल्या वारंवारितेच्या खाली असेल, तर अँटेना लांब आहे. दोन्ही हात सारखे, पाच-पाच मिलिमीटर कमी करत जावे. खळगा वर असेल, तर अँटेना आखूड आहे. खळगा जागेवर असूनही एसडब्ल्यूआर कमी होत नसेल, तर चूक लांबीत नाही. ती जोडात, बलूनमध्ये किंवा जवळच्या लोखंडात शोधावी.

मनोऱ्यावर चढवल्यानंतर मोजमाप पुन्हा करावे लागते, कारण मनोराही अँटेनावर परिणाम करतो. शेवटी ट्रान्समीटर पाच-दहा वॅटवर चालू करून परतणारी शक्ती पाहावी आणि मगच पूर्ण शक्तीवर जावे. त्या दिवशीचा आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवला, तर पुढे उपयोगी पडतो. सहा महिन्यांनी १.२ चा आकडा १.८ झाला, तर बहुधा जोडात पाणी शिरले आहे, हे खालूनच कळते. पावसाचे पाणी केबलवरून ओघळून जोडात जाऊ नये म्हणून जोडाच्या आधी केबलला खाली झुकणारा वळसा द्यावा, जोडावर चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी आणि केबल मनोऱ्याला जागोजागी घट्ट बांधावी. लोंबती केबल वाऱ्याने तर हलतेच, पण वानरांच्या झोक्यासाठीही ती आयतीच असते.

वीज, किरणे आणि माणूस

जंगलातला उंच लोखंडी मनोरा विजेला आमंत्रण देतो. मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात विदर्भात वीज पडून माणसे आणि जनावरे दगावतात. अँटेनाच्याही वर जाणारा वीजवाहक, तिथून जमिनीपर्यंत सरळ जाणारी जाड पट्टी, खोलीत शिरण्याआधी केबलचे आवरण भूसंपर्काला जोडणे आणि केबलवर अतिदाबरोधक बसवणे ही किमान तजवीज हवी. चंद्रपूरकडे मे महिन्यात जमीन कोरडी ठणठणीत असते आणि कोरड्या जमिनीत भूसंपर्क कमकुवत होतो. पहिल्या वादळाआधी भूसंपर्काच्या खड्ड्यात नियमित पाणी घालणे आणि त्याचा अडथळा मोजून घेणे हे काम एप्रिलच्या यादीत असावे. गडगडाट सुरू झाला, की निवेदकाने हेडफोन काढून बाजूला व्हावे. त्या वेळी कार्यक्रमापेक्षा माणूस मोठा.

अँटेनातून निघणाऱ्या किरणांनी आजार होतील का, हा प्रश्न गावसभेत हमखास विचारला जातो आणि तो रास्त आहे. एफएमच्या लहरी क्ष-किरणांसारख्या अणूतले इलेक्ट्रॉन उडवू शकत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे शरीर तापणे. या वारंवारितेसाठी सर्वसामान्य लोकांकरिता आंतरराष्ट्रीय मर्यादा दर चौरस मीटरला २ वॅट आहे. परिणामकारक शक्ती १०० वॅट धरली, तर अँटेनापासून १५ मीटरवर सुमारे ०.०६ वॅट पडतात, म्हणजे मर्यादेच्या तिसाव्या हिश्शाहून कमी. तीस मीटरवर ते आणखी चौथ्या हिश्शावर येतात. मनोऱ्याच्या पायथ्याशी खेळणाऱ्या मुलांबद्दल काळजीचे कारण नाही. किमान १५ मीटर उंचीची अट त्यासाठीच आहे.

वर चढणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. अँटेनापासून दोन-अडीच मीटरच्या आत तीच मर्यादा ओलांडली जाऊ शकते आणि चालू अँटेनाला हात लागला तर त्वचा भाजते. म्हणून ट्रान्समीटर बंद करून, त्याची वीजजोडणी काढून आणि खाली एक माणूस उभा ठेवूनच वर चढावे. मनोऱ्यावरून पडण्याचा धोका तर किरणांपेक्षा कितीतरी मोठा. सुरक्षा पट्टा नसेल, तर काम दुसऱ्या दिवसावर ढकलावे.

दोन ऋतूंत दोनदा

सागवान उन्हाळ्यात पानाविना उभे असते आणि पावसाळ्यात त्याची परातीएवढी पाने पाण्याने ओथंबतात. ओली पाने लहरी शोषतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सूर जुळवून, गावोगावी ऐकून समाधान मानलेले केंद्र ऑगस्टमध्ये कडेच्या गावांत पोचेनासे होऊ शकते. त्यातून एफएमचा स्वभाव असा, की एका पातळीपर्यंत आवाज स्वच्छ राहतो आणि शक्ती त्याखाली गेली की एकदम खरखर सुरू होते. हळूहळू क्षीण होण्याची सूचना तो फारशी देत नाही. म्हणून मोजणी दोनदा करावी, एकदा पानगळीत आणि एकदा भर पावसात.

या मोजणीला महागडे यंत्र लागत नाही. एकच ट्रान्झिस्टर आणि एकच मोबाइल घेऊन प्रत्येक गावात, प्रत्येक टोल्यावर, शाळेच्या ओट्यावर आणि घराच्या आत ऐकावे. स्वच्छ, खरखरीसह समजते, समजत नाही, अशा तीन खुणा नकाशावर कराव्यात. हे काम आशा कार्यकर्तीला किंवा शाळेतल्या मुलांनाही जमते. पावसाळ्यातल्या नकाशावर ‘समजत नाही’ची खूण असलेली गावे बहुधा तीच असतात, जिथला रस्ता आधी तुटतो. अँटेना मनोऱ्याच्या कोणत्या बाजूला बांधायचा, उभा ठेवायचा की आडवा, दुसऱ्या डायपोलचा खर्च करायचा की नाही, हे त्या गावांकडे पाहून ठरवावे. आणि जिथे डोंगराची सावली कशानेच हटत नाही, तिथे पुराचा आणि तापाचा निरोप दुसऱ्या मार्गाने पोचवण्याची व्यवस्था पाऊस सुरू होण्याआधीच लावून ठेवावी.